पाच मिनिटांचं काम

एखादं काम करायला किती वेळ लागतो हे सांगायचं इंग्रजीत एक ठरावीक वाक्य आहे. आधी ‘इट टेक्स’, मग वेळ, मग काम. बारामतीला कॉलेजात आमच्या सरांनी ते फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. मला ते वाक्य फार आवडायचं. काम करणारा माणूस त्यात आला नाही तरी चालतं, काम आणि वेळ एवढं असलं की वाक्य पुरं होतं, हे मला तेव्हा सोयीचं वाटायचं. आता त्याच गोष्टीचा संताप येतो.

मी शेळगावची. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. वडिलांनी ती मोडून शेती धरली, आणि मी त्या घरातली पहिली बी.ए. झाले, तीसुद्धा इंग्रजी घेऊन. फवारणीच्या बाटलीवर काय लिहिलंय, मुंबईच्या दवाखान्यातून आलेल्या कागदात काय म्हटलंय, ते वाचून घ्यायला लोक आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. आई चहा ठेवायची आणि मी वाचून दाखवायची. मला त्याचा ताठा होता. खोटं कशाला बोलू? एखादा शब्द अडला तरी मी चेहऱ्यावर दाखवायची नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा मला लोणी देवकरला एका कारखान्यात टायपिस्टची नोकरी लागली. पुठ्ठ्याचे खोके बनवायचा कारखाना. द्राक्षांचा हंगाम आला की आमचे खोके ट्रक भरभरून बाहेर पडायचे. कारखान्याचं नाव सांगत नाही, सांगून मिरवावं असं त्यात काही नव्हतं. ऑफिसात मी एकटी बाई आणि इंग्रजी येणारीही मी एकटीच, साहेब सोडले तर. साहेब पुण्याचे होते. सोमवारी यायचे आणि शनिवारी दुपारी जायचे, आणि मधले दिवस कधी संपतात याची वाट बघायचे.

कारखान्यात एक चाचा होते. पन्नाशी उलटलेले, इंदापूरचे. आधी हायवेला त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं, ट्रकचे जॅक, स्टो, पंप, जे येईल ते दुरुस्त करायचे. ते बंद करून ते इथं आले आणि यंत्रं सांभाळू लागले. तीन वर्षं झाली तरी ते हंगामीच होते. यंदा कायम करतो असं त्यांना सांगितलेलं होतं, आणि घरात धाकट्या मुलीचं लग्न ठरवायचं थांबलेलं होतं, ते त्या ‘कायम’ शब्दासाठी. कुठलंही यंत्र आवाज बदलून बोलायला लागलं की लोक चाचांना हाक मारायचे. मला ते ‘पोरी’ म्हणायचे.

त्या वर्षी दिवाळीनंतर पुण्याच्या मोठ्या ऑफिसातून एक फॉर्म आला. चार पानं, सगळे प्रश्न एकाच घाटाचे. हाऊ लाँग डज इट टेक टू हे, हाऊ लाँग डज इट टेक टू ते. पातं बदलायला किती वेळ, डिंकाची टाकी धुवायला किती वेळ, पट्टा चढवायला किती वेळ, शंभर खोक्यांना तार मारायला किती वेळ. साहेबांनी तो माझ्या टेबलावर टाकला आणि म्हणाले, "मॅडम, खाली जाऊन एकेकाला विचारा आणि टाइप करून द्या. तुमच्याच भाषेत बोलतात ते."

मी वही घेऊन खाली गेले. पहिल्यांदा चाचांकडेच गेले. ते पट्ट्याला राळ लावत होते.

"चाचा, कापायच्या मशीनचं पातं बदलायला किती वेळ लागतो?"

"पात्याला? हे काय, पाच मिन्टं."

"आणि डिंकाची टाकी धुवायला?"

"च्या पिऊस्तवर हुतंय की."

"मिनिटात सांगा ना, लिहायचंय."

"मग लिव्ह धा मिन्टं. का, आत्ता धुवायची हाय का? चल, लगीच धुतो."

बाकीच्यांनीही तेच केलं. तार मारणाऱ्या बायका म्हणाल्या, "शंभराला कितीसा वेळ, हात लावला की झालं." गाडी भरणारा गडी तर रागावलाच, "मी कधी उशीर केलाय का म्हून इचारताय?" मी सगळ्यांना चुचकारून आकडे काढले. पाच, दहा, पाच, पंधरा, पाच.

आता इथं मला माझा स्वतःचाच राग येतो, तो सांगून टाकते. मी कुणी बाहेरून आलेली नव्हते. आमच्याकडे ‘किती वेळ लागेल’ हा प्रश्न घड्याळाचा नसतो, हे मला अंगाई ऐकायच्या वयापासून माहीत होतं. कुणी असं विचारलं की तो तुमच्या दारात काम घेऊन आलाय, आणि तुम्ही ते मनापासून करणार का, एवढंच त्याला बघायचं असतं. ‘तास लागेल’ म्हणणं म्हणजे ‘जा बाबा दुसरीकडं’ म्हणणं. म्हणून सगळेजण पाच मिनिटं म्हणतात. पाहुणे निघायला लागले की आई म्हणते, पाच मिनिटं टेका, भाकरी झालीच. तेव्हा चूलसुद्धा पेटलेली नसते. पाहुणेही जाणतात, टेकतात, आणि तासाभरानं पोटभर जेवून निघतात. आजवर कुणी आईला खोटारडी म्हटलेलं नाही.

हे सगळं ठाऊक असून मी टेबलाशी येऊन बसले, कार्बन घातला आणि टाइप केलं : इट टेक्स फाइव्ह मिनिट्स टू चेंज द ब्लेड. इट टेक्स टेन मिनिट्स टू क्लीन द टँक. एकाही वाक्यात चूक नव्हती. सरांनी बघितलं असतं तर समासात ‘गुड’ लिहिलं असतं. खाली ‘माहिती देणारा’ म्हणून प्रत्येकाची सही घेतली. चाचांनी वाचायलाही मागितलं नाही. इंग्रजीत होतं, आणि मी लिहिलेलं होतं.

संक्रांत झाली आणि प्रत्येक यंत्राशेजारी एकेक पत्र्याची पाटी लागली. पांढऱ्यावर लाल अक्षरं. कापायच्या मशीनपाशी लिहिलेलं, ब्लेड चेंज, पाच मिनिटं. त्यापेक्षा जास्त वेळ गेला की मुकादमानं वहीत लिहायचं, आणि वहीतलं बघून साहेबांनी मेमो द्यायचा. तीन मेमो झाले की हंगामी माणूस घरी. मेमो टाइप करायचं काम अर्थातच माझं.

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात आलेला. पहिल्या पंधरवड्यातच चाचांना दोन मेमो झाले. दोन्ही पात्यासाठी, आणि दोन्ही मी टाइप केले.

त्या मशीनला बाजूला एक थोराड चाक होतं. बटण बंद केलं तरी ते फिरत राहायचं, नुसतं ते थांबायलाच सात-आठ मिनिटं जायची. मग आठ बोल्ट. मग दोघांनी मिळून पातं उचलायचं, गोणपाटात गुंडाळून ठेवायचं, नवं बसवायचं, खाली कागदाचे कपटे सारून ते समपातळीत आणायचं, दोन-चार पुठ्ठे कापून बघायचे. हे पाच मिनिटांत देवसुद्धा करू शकला नसता. तिसऱ्या वेळेला मी सहज खाली गेले होते, आणि चाक फिरत असतानाच चाचांनी पान्यासकट हात आत घातलेला मी पाहिला. त्यांची नजर पाटीवर होती. मी ओरडले. त्यांनी हात काढला, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "भ्यालीस व्हय? काय हुत न्हाय." त्या दिवशी मुकादम जेवायला गेलेला होता म्हणून वहीत काही चढलं नाही.

मी तशीच जिना चढून साहेबांच्या दारात गेले.

"सर, फॉर्मबद्दल बोलायचंय."

"पाच मिनिटं बसा," साहेब म्हणाले आणि फोनला लागले.

एक तास दहा मिनिटं बसवलं त्यांनी मला. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ मी बघत होते, म्हणून पक्कं सांगते. मग आत बोलावलं. मी सगळं समजावून सांगितलं. आमच्याकडे असं म्हणायची रीत आहे, तो आकडा नव्हता, तो त्यांचा चांगुलपणा होता, मी तो आकड्यासारखा लिहिला.

"मॅडम, माणूस म्हणाला पाच मिनिटं. तुम्ही लिहिलं पाच मिनिटं. खाली त्याची सही आहे. आता तुम्ही म्हणता पाच नाहीत. मग खोटं कोण बोललं?"

"कुणीच नाही, सर."

"याला आमच्याकडे खोटंच म्हणतात."

आमच्याकडे म्हणे! यांच्याकडच्या शिंप्याला विचारा कपडे कधी मिळतील, तो काय वार-तारीख सांगतो? मला तासभर दारात बसवणारा माणूस, आणि हा मला वेळेचा खरेपणा शिकवणार. माझ्या जिभेवर आलं होतं, पण नोकरी पक्की झालेली नव्हती. मी ते गिळलं, आणि गिळल्याचं अजून पोटात आहे.

साहेबांनी शेवटी एवढं कबूल केलं, की नवे आकडे मोजून आणा आणि ज्यानं आधी सही केली त्याचीच त्यावर सही आणा, मग बघू. त्यांनाही घाई होती. ठरलेले खोके निघत नव्हते, पुण्याहून रोज फोन येत होता, आणि आठवड्याभरात वरचा माणूस स्वतः येणार होता. दोष कुणाच्या तरी डोक्यावर ठेवायचा होता, आणि चाचांचं डोकं सगळ्यांत जवळ होतं.

दुसऱ्या दिवशी पातं बदलायची वेळ आली तेव्हा मी ऑफिसातलं घड्याळच खिळ्यावरून काढलं आणि खाली नेलं. चाचांनी ते बघितलं आणि त्यांचा हात भराभर चालायला लागला. चाक थांबायच्या आधीच बोल्टला पाना. मी घड्याळ पदराखाली झाकलं, तोंड फिरवून उभी राहिले आणि तार मारणाऱ्या बायकांशी काहीबाही बोलत बसले. मग कुठं त्यांचा हात नेहमीच्या चालीवर आला. मी पदराआडून बघत होते. त्रेचाळीस मिनिटं लागली, आणि एका मिनिटाचाही आळस त्यात नव्हता.

मी कागद तयार केला आणि जेवणाच्या सुट्टीत चाचांपुढे ठेवला.

"काय लिवलंस?"

"पातं बदलायला त्रेचाळीस मिनिटं लागतात, असं."

त्यांनी घास खाली ठेवला. "कुणाला लागत्यात?"

"तुम्हाला, चाचा. मी मोजली."

"आन् म्या त्याच्यावर सही करू?"

"नाहीतर तिसरा मेमो निघंल. घरी बसवतील तुम्हाला."

"बसवू देत." ते इतक्या शांतपणे म्हणाले की मला आधी चेष्टाच वाटली. "पोरी, तीस वर्सं हायवेला दुकान चालवलं. डायवर गाडी उभी करून वरडायचा, चाचा किती वेळ? मी म्हनायचो पाच मिन्टं. तो खाली उतरून बाजंवर निजायचा. त्यालाबी ठावं, मलाबी ठावं. पन तोंडानं कधी कुणाला तास लागल म्हनलो न्हाय. आन् आता सरकारी कागदावर सही करून सांगू, की माझ्याच्यानं हुईना?"

"सरकारी नाही हो, आणि होत नाही असं कुठं लिहिलंय?"

"त्रेचाळीस म्हंजी तेच की."

मी भडकले. सगळ्यांदेखत भडकले. "तुमच्या बोटांपेक्षा तुमचं नाव मोठं हाय का, चाचा? काल हात गेला असता!"

"व्हय," ते म्हणाले. "नावच मोठं हाय." आणि जेवायला लागले.

मला त्यांचा इतका राग आला, इतका, की साहेबांचासुद्धा तेवढा आला नव्हता. मी ज्यांच्यासाठी घड्याळ काढून धावत होते ते म्हातारं कांदा फोडून भाकरी खात बसलं होतं. जावं घरी, आपलं काय जातंय, असं मनाशी म्हणत मी वर आले. टेबलावर साहेबांची चिठ्ठी होती. तिसरा मेमो टाइप करून ठेवणे. चाचांचं नाव, आणि खाली त्याच दिवसाची तारीख. आम्ही मोजत होतो तेव्हा मुकादमही मोजत होता.

मशीनमध्ये कागद घातला. चाचांच्या नावाचं पहिलं अक्षर मारलं आणि थांबले. कागद काढला, चुरगळला, दुसरा घातला.

मी लिहिलं की फॉर्ममधली चूक कामगारांची नाही, माझी आहे. कामगारांनी मला वेळ बरोबर सांगितला होता, पाऊण तास, सव्वा तास, दीड तास. पण पाऊण, सव्वा आणि दीड यांना इंग्रजीत काय म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. विचारायची लाज वाटली म्हणून जिथं अडलं तिथं मी पाच किंवा दहा मिनिटं लिहून मोकळी झाले. माझं इंग्रजी कच्चं आहे. खाली पात्याचा मोजलेला आकडा दिला, बाकीचे मोजून देते म्हटलं, आणि माझी सही केली. ते पत्र मुद्दाम दोन-तीन चुका घालून लिहिलं, म्हणजे खरं वाटेल. माझ्या आयुष्यात मी इंग्रजीत जाणूनबुजून चूक केली ती तेवढीच. एक ‘द’ गाळताना मला रडू आलं.

साहेबांनी पत्र वाचलं. मी वाट बघत होते की ते म्हणतील, मॅडम, काहीतरीच काय, तुम्ही बी.ए. इंग्रजी आहात, रोज तुमची पत्रं मी वाचतो. एवढं तरी म्हणावं ना माणसानं? ते हसले. दार उघडं होतं ते उघडंच ठेवून म्हणाले, "मला वाटलंच होतं. बारामतीचं बी.ए. शेवटी." त्यांना हवं ते डोकं मिळालं होतं, आणि ते माझं आहे यावर विश्वास ठेवायला त्यांना क्षणाचाही वेळ लागला नाही.

वरचा माणूस येऊन गेला. पाट्या नव्यानं रंगवल्या, पात्याच्या पाटीवर पंचेचाळीस आलं. तो आकडा साहेबांचा होता, चाचांच्या तोंडून निघालेला नव्हता, म्हणून चाचांची त्याला हरकत नव्हती. त्यांचे मेमो मागे घेतले, आणि पुढं ते कायमही झाले. माझा टाइपरायटर काढून घेतला आणि मला फाटकाशेजारच्या खोलीत आत-बाहेरची नोंद लिहायला बसवलं. मराठीत. शेळगावला बातमी माझ्या आधी पोचली. ओट्यावर येणारे लोक महिन्याभरात यायचे थांबले, बाटल्या आणि कागद आता मास्तरांच्या घरी जायला लागले. आई अजूनही चहा जास्तच टाकायची, मग ओतून द्यायची. घरात मी खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वडील चाचांच्या दारात भांडायला गेले असते.

एका संध्याकाळी पाळी सुटल्यावर चाचा माझ्या खिडकीपाशी थांबले. बाकीचे पुढं गेले.

"पोरी, वाईट वाटून घिऊ नगं," ते म्हणाले. "माझ्यामुळं झालं का गं हे?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"म्या काय सांगितलं हुतं तवा, मला तर आठवत बी न्हाय. पाच मिन्टं म्हनलो असंल. पन पाच म्हंजी काय पाच असत्यात व्हय? एवढं कळाया पायजे हुतं, इंग्रजी शिकल्यालीला."

एवढ्या सगळ्या प्रकरणात बरोबर बोललेला हा एकटा माणूस, आणि त्याच्यावरच मला ओरडावंसं वाटत होतं.

त्यांनी डब्याच्या पिशवीतून एक पुस्तक काढलं. वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, कोपरे दुमडलेले. पाचवीचं इंग्रजी.

"नातीचं हाय. तिचं झालं वाचून, सहावीत गेली ती." ते पुस्तक त्यांनी खिडकीच्या गजांतून आत सारलं. "रोज एक पान कर. लाजायचं न्हाय. अडलं तर तिला इचारतो मी."

त्यांच्या बोटांना तेलाचा काळा रंग होता. सगळी, दहाच्या दहा.

"करते, चाचा," मी म्हणाले, आणि पुस्तक घेतलं.